कोंबाचा भात

बाई,

काल तुमच्या तेरवीहून परत आलो. भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून मूलची गाडी, मग फाट्यापासून पायी. तुम्ही यायच्या त्याच वाटेनं. फाट्यावर उतरलं की तुम्ही आधी नाक वर करून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, कोणाच्या तरी घरी हिरवा सांभार चिरून फोडणीत पडला. काल मीही थांबले. वास काही आला नाही. तुमचा भाऊ पुढे निघून गेला होता, त्यानं वळून विचारलं, काऊन थांबली? मी म्हटलं, असंच.

तुमच्या घरी पान मांडायची वेळ आली तेव्हा तुमच्या मंदानं मला विचारलं, "मामी, आईले काय काय आवडे, सांगा बरं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सारं पानावर पाह्यजे म्हणतात." चुलीपाशी बसलेल्या साऱ्या बाया हसल्या. तेरवीचं घर, डोळे सुजलेले, आणि तरी हसल्या. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, काय आवडत नव्हतं ते विचार, लवकर आटपंन. मग त्यावरच बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे डबलरोटी आवडत नव्हती, खाल्ली काय अन नाई खाल्ली काय सारखंच, असं तुम्ही म्हणत होता. कोणी सांगितलं, डॉक्टरनं साखरेपायी भात बंद केला तेव्हा तुम्ही त्यालाच विचारलं, भात सोडू तर मंग जेवू काय? डॉक्टर म्हणाला, थोडा थोडा खा. तुम्ही त्याला जाताना लाखोरीच्या डाळीचे वडे देऊन आलात.

तुम्हाला काय आवडे हे असं साऱ्या भद्रावतीला ठाऊक. मला काय आवडते हे मात्र कोणीच कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि माझं उत्तर राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसले. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही. पण तोंडानं सांगणं मला जमत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

तुम्हाला ते वादळाचं साल आठवत असेल. तुम्ही भाऊबीजेला आला होता आणि आपल्या गावच्या मंडईची जत्रा आणि रात्रीचं नाटक होईपर्यंत थांबणार होता. टीव्हीवर दाखवत होते, आंध्राच्या बाजूला समुद्रात वादळ उठलं आहे. निळ्यावर पांढरं गोल चक्र फिरत होतं, मधोमध भोक. तुम्ही चकली खात त्याच्याकडे पाहत होता. म्हणालात, "जात्यासारखं फिरून राह्यलं वो हे. अन पीठ आपल्या अंगणात पाडून राह्यलं."

समुद्र तुम्हीही पाहिला नव्हता, मीही नाही. पण त्याचा पाऊस आपल्या गावापर्यंत आला होता. आपल्या नेहमीच्या पावसासारखा तो नव्हता. वीज नाही, गडगडणं नाही. नुसतं राखेच्या रंगाचं आभाळ आणि एका बाजूनं येणारा वारा, कोणी दार लोटून धरावं तसा. भाऊबीजेला जो लागला तो सुटेचना. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता. कापलेला धान वाळावा म्हणून आपण शेतातच, बांधीत आडवा पसरून ठेवतो, त्या साऱ्या कडपा उघड्यावर पडल्या होत्या. तुमचा भाऊ दिवसातून कितीदा तरी बांधीवर जाऊन यायचा आणि पोतं झटकून ओसरीवर बसायचा. उचलून आणावा तर ओला धान घरात सडतो. ठेवावा तर पाण्यात. करण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या पावसात तुम्ही अंगणात गेलात. पदर खांद्यावर टाकला, तोंड वर केलं आणि जीभ बाहेर काढली. नातवंडं झालेली बाई! तुमची आई ओसरीवरून ओरडली, "काय व पोट्टे, लोक पाह्यतीन ना."

"माय, समुद्राचं पाणी हाय ना हे. खारट हाय काय पाहून राह्यली."

"मंग? हाय?"

"नाई. मीठ तिकडंच ठेवलं वाटते त्यानं."

मी चुलीजवळून पाहत होते. माझी भाकर तव्यावर जळली. आभाळाची चव पाहावी हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. मला तुमची थोडी भीतीच वाटली, देवळात नवी मूर्ती पाहताना वाटते तशी. नंतर गोठ्यामागे शेण टाकायला गेले तेव्हा कोणी नाही पाहून मीही जीभ काढली. बाई, मला त्यात गवताचा वास लागला. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मंडईचा दिवस उजाडला तरी पाऊस तसाच. नाटकाच्या कंपनीची गाडी नाल्यापलीकडे अडकली. पाहुणे आले नाहीत. दुकानवाले तेवढे आदल्या दिवशी येऊन बसले होते, ते शाळेच्या वऱ्हांड्यात ताडपत्र्या बांधून तोंड पाडून बसले. सकाळी माणसं भात खाऊन उठली, तुमची आई जेवली, तुम्ही जेवलात. मग मी भाताचा गंज पुढे घेतला आणि तळाला लागलेली खरवड उलथन्यानं काढून खात होते. तुम्ही पाणी प्यायला आत आलात.

"काय व खाऊन राह्यली, शेवंता?"

"खरवड."

"आवडते?"

मी मान हलवली. तुम्ही माझ्यासमोर फतकल मारून बसलात. म्हणालात, मी या घरी आल्यापासून तुम्ही मला खरवडच खाताना पाहिलं आहे, आणि तुमच्या आईलाही आधी तशीच पाहत होता. "ते आवडणं नाई, माय. ते उरलेलं हाय. उरलेलं खाऊ खाऊ त्याचीच चव लागते जिभेले."

मी म्हटलं, मले खरंच आवडते.

"बरं, खरवड सोडून सांग. काय आवडते?"

मला काही सुचेना. मी तुमच्या भावाला काय आवडते ते सांगू शकत होते. सासूबाईंना तुरीची डाळ पचत नाही, पोरांना वांग्याचे देठ पाहिजेत, तुम्हाला झिंगे कडक लागतात, सारं पाठ होतं. माझं म्हणून काही आठवेना. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत राहिलात. तुम्ही रागावला नव्हता, थक्क झाला होता. एखाद्यानं सांगावं की मी आजवर आभाळ पाहिलं नाही, तसं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग उठलात आणि म्हणालात, आज मंडई नाही, नाटक नाही, शेतात काम नाही. आज तुला काय आवडते ते काढू. ते सापडल्याशिवाय मी सासरी जात नाही.

तुमच्या आईला तुम्ही सांगितलं, हिले घेऊन बांधीवर जाऊन येतो. बांधीवर आपण गेलो खऱ्या, पण साऱ्यात शेवटी.

आधी शाळेच्या वऱ्हांड्यात. आलुबोंडेवाल्यानं कढईखाली नुकताच जाळ केला होता. तुम्ही त्याला म्हणालात, गिऱ्हाईक नाही म्हणून तेल थंड ठेवू नको, आम्ही दोघी दहा जणींचं खातो. त्यानं गरम बोंडे फोडून वर तर्री ओतली. मी पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळले. लग्नानंतर रस्त्यावर उभी राहून काही खाल्लं नव्हतं. माणसं बसलेली, गावातली, नात्यानं सारे सासरे आणि दीर. हात उचलेना. तेव्हा तुम्ही तुमची मोठी काळी छत्री उघडून माझ्यासमोर आडवी धरलीत, आणि छत्रीच्या पलीकडून म्हणालात, आता खा, इथी कोणी नाई.

पाटलीणबाई दळण घेऊन चालली होती. ती थांबली. "काय व बाई, छत्रीमागं कोणतं नाटक लावलं?"

"कंपनीची गाडी अडकली ना, मंग आमीच लावलं. तिकीट नाई, ये."

पाटलीणबाई आली आणि तिनंही दोन खाल्ले. छत्रीमागे आम्ही दोघी, सुना दोन घरच्या, तर्रीनं नाक गळतंय आणि हसू आवरत नाही. तुम्ही बाहेरून विचारलंत, कसा हाय? मी म्हटलं, चांगला हाय. तुम्ही म्हणालात, चांगला तर साऱ्यांलेच हाय. तुले कसा हाय?

बाई, सरळ प्रश्न होता. पण मला काय व्हायचं ते आज सांगते. घास तोंडात गेला की चव लागायच्या आधी मला माणसं दिसायची. हे तिखट सासूबाईंना चालेल का, पोरांसाठी दोन नेऊ का, तुमच्या भावानं सकाळपासून नीट खाल्लं नाही. माझी जीभ दुसऱ्यांच्या तोंडात होती. तुम्ही सांगत होता, एक घास खायचा आणि थांबायचं, पोट काय म्हणते ते नाही, जीभ काय म्हणते ते ऐकायचं. मी थांबत होते. ऐकू येत नव्हतं.

मग तलावावर. बांधाच्या पारीखाली मासे धरणाऱ्या ढीवरांचा मोहल्ला, तिथं तुमची लहानपणची मैत्रीण पार्बता राहायची. पारीवर चढलो आणि मी जागीच उभी राहिले. रोज भांडी घासायला जायचा तोच तलाव, पण मला ओळखू येईना. आभाळ इतकं खाली आलं होतं की पाणी कुठे संपते ते दिसत नव्हतं. वारा पाण्याला ढकलत पारीवर चढवत होता. पलीकडे सलंगीवरून जास्तीचं पाणी खाली कोसळत होतं आणि त्याचा आवाज छातीत होत होता. माणसं कमरेइतक्या पाण्यात टोपल्या लावून उभी, टोपल्यांत मासे उसळत होते. न पाहिलेल्या समुद्रावरून निघालेला वारा आपल्या तलावाचं पाणी हलवत होता.  आपण किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मग तुम्ही हळूच म्हणालात, "एवढं मोठं हाय वो हे सारं. अन आपण म्हणतो, आज भाजी काय करू."

पार्बताबाईच्या घरी झिंगे आले होते, ओट्यावर उड्या मारत. तिनं तव्यावर मीठ-मिरची टाकून नुसते परतले, वर सांभार. पळसाच्या पानावर गरम भात आणि झिंगे. तिच्या सुनेनं पाण्यातून काढलेले शिंगाडे आणले, हिरवे, काटेवाले. आपण ते सोलून कच्चेच खाल्ले. आत दुधासारखे पांढरे.

तुम्हाला खाताना मी रोजच पाहिलं होतं, पण वाढता वाढता. त्या दिवशी पहिल्यांदा समोर बसून पाहिलं. तुम्ही खात असताना तुमचं तोंड बदलत होतं. पहिल्या घासाला तुम्ही लहान पोरीसारख्या दिसलात, मग म्हाताऱ्या, मग पुन्हा तुमच्यासारख्या. एक झिंगा उचलून उजेडाकडे धरून पाहत होता, मग तोंडात. मधेच डोळे भरून आले तुमचे आणि पार्बताबाई म्हणाली, मिरची जास्त झाली काय? तुम्ही म्हणालात, नाई व, चव जास्त झाली. मला वाटलं, देवाला निवद दाखवतात तो खरंच खात असेल तर असाच खात असेल.

तुम्ही विचारलंत, सापडलं काय? मी शिंगाड्याकडे बोट केलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही लगेच ओळखलंत. म्हणालात, "खोटं बोलून राह्यली. खोटं बोलताना तू पदराचं टोक पिळते." पार्बताबाईनं खाली पाहिलं, आणि खरंच मी पदर पिळत होते. दोघी इतक्या हसल्या की कोंबड्या पळाल्या.

परतताना बांधीवर गेलो. मला तिथं नेऊ नका असं मनात होतं, कारण तुमचा भाऊ तिथं असणार हे मला माहीत होतं. तो होताच. डोक्यावर पोतं घेऊन, आपल्याकडे पाठ करून. बांधीत घोट्याभर पाणी आणि त्यात कडपा भिजून पडलेल्या. तुम्ही वाकून मूठभर धान उचललात. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटला होता, नखाच्या टोकाएवढा. कोणी पेरलं नव्हतं, पाणी लागलं म्हणून दाणा आपला उगवून मोकळा झाला होता. साऱ्या बांधीत, जिथवर नजर जाईल तिथवर. मला ते पाहून अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो. वादळ इतकं लांबून येऊन एका एका दाण्याला जागं करून गेलं होतं.

तुम्ही एक दाणा दातांखाली फोडलात. एक माझ्या हातावर ठेवलात. दिवसभराची सवयच झाली होती ती. तुम्ही चावत राहिलात आणि तुमचं तोंड मिटत गेलं. ते तुमच्या बापाचं शेत. तुम्ही लहानपणी त्या धुऱ्यावरून शाळेत गेलेल्या. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि या वेळी ते चवीचं नव्हतं.

मी माझा दाणा फोडला. बाई, तो गोड होता.

साखरेसारखा नव्हे. नुकत्या व्यायलेल्या गाईच्या दुधात असते तसली, मागून येणारी गोडी. घास एवढासा, पण त्या वेळी मला कोणीच दिसलं नाही. सासूबाई नाही, पोरं नाहीत, तुमच्या भावाची समोरची पाठसुद्धा क्षणभर नाही. फक्त जीभ. तुम्ही सकाळपासून जे शोधत होता ते हेच होतं, हे मला तिथंच कळलं.

तुम्ही डोळे पुसून विचारलंत, काय? मी तुमच्या भावाच्या पाठीकडे पाहिलं. वर्षाचा भात पाण्यात पडलेला, त्यानं दोन दिवसांत तोंड उघडलेलं नाही, आणि मी काय सांगू, की हा नासलेला दाणा मला आवडला? मी म्हटलं, काई नाई.

पदर पिळला नाही. म्हणून तुम्हाला कळलं नाही.

संध्याकाळी तुम्ही सासूबाईंना बसवून स्वतः पातोड्या केल्यात, लसूण-खोबऱ्याचा रस्सा, वरून सांभार. मला पहिलं वाढलंत आणि तुमची आई बघतच राहिली. चांगल्या झाल्या होत्या. सांगायचं तर फार चांगल्या. पण मला दाणा आठवत होता. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, नाल्याचं पाणी उतरलं आणि तुम्ही निघालात. फाट्यावर गाडीत चढताना म्हणालात, "मी हरली. पण सापडलं की सांगजो. भुलजो नको."

त्या साली आपण कोंबाचाच भात खाल्ला. मिलमध्ये तांदूळ तुटून कणी झाली, पिवळट रंग, शिजवला की चिकट. व्यापारी त्याला हात लावत नव्हता. घरी रोज बोलणं व्हायचं, लापशीसारखा झाला, वास येते, कुत्रं खात नाई. मी सगळ्यांना वाढायची, त्यांचं ऐकायची आणि मान हलवायची. मग माझी पाळी आली की गंज पुढे घ्यायची. खाली खरवड लागलेली असायची. साध्या भाताची खरवड करकरीत असते. ही तांबूस, गुळासारखी लागलेली. मी ती हळू हळू खायची. दार लोटून घ्यायची. साऱ्या घराचं दुःख होतं ते आणि माझ्या जिभेला ते गोड लागत होतं. कोणाला सांगणार?

पुढं दर साली तुम्ही आलात किंवा फोन केलात की विचारायच्या, सापडलं काय व? मी हसायची. त्यावर आपली भांडणंही झाली. तुम्ही म्हणायच्या, खरवडीच्या पुढे तू जाणार नाहीस. मी म्हणायची, खरवड वाईट असते काय? तुम्ही म्हणायच्या, वाईट नसते, पण ती तुला मिळाली आहे, तू मागितली नाहीस. हे मला कधी पटलं, कधी नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही, हे मेल्यावरही ऐकून घ्या. मिळालेलं माणसाला आवडू नये असं कुठं आहे? पण तुमच्यासमोर मी एवढं बोलू शकले नाही. तुम्ही बोलू दिलं नाही असं नाही, तुम्ही तर वाट पाहत होता.

या वर्षी पुन्हा तसंच झालं. दिवाळीत समुद्राकडून वारा आला, कडपा भिजल्या. सगळ्या नाही, खालच्या दोन बांध्या गेल्या. तुम्हाला बरं नव्हतं म्हणून तुम्ही भाऊबीजेला आला नाहीत, फोन केलात. तुमच्या भावानं फोनचा आवाज मोठा करून ओसरीवर ठेवला. शेजारचे दोघं-तिघं बसलेले, धानाचंच बोलणं चाललं होतं. तुमचा आवाज बारीक झाला होता. तुम्ही विचारलंत, कोंब आले काय? तुमचा भाऊ म्हणाला, आले. मग तुम्ही मला बोलावलंत आणि तेच विचारलंत.

"शेवंता, सापडलं काय?"

त्या दिवशी माझ्या तोंडात आलं होतं, बाई. कोंबाचा धान आत चुलीपाशी सुपात वाळत होता, मी सकाळीच एक दाणा फोडून पाहिला होता. पण माणसं बसली होती, आणि त्यांचाही धान गेला होता. मी म्हटलं, तुमी या, मंग सांगतो. तुम्ही हसलात. "म्हणजे सापडलं," म्हणालात. आणि फोन ठेवलात.

तुम्ही पुन्हा आला नाहीत. पण तुम्हाला एवढं तरी कळलं होतं की सापडलं आहे. मी रोज त्या एका शब्दाला धरून बसते. काय सापडलं ते विचारायला तरी तुम्ही थांबायला पाहिजे होतं.

तेरवीला येताना मी डबा घेतला. पहाटे उठून कोंबाचा भात शिजवला होता. तुमच्या भावाला वाटलं गाडीत खायला घेतला. पान मांडलं तेव्हा मंदानं सारं ठेवलं. वडे, पातोडी, झिंगे, उकडलेले शिंगाडे, आलुबोंडासुद्धा. पान भरून गेलं. मी डबा उघडला आणि एका कडेला त्या भाताचा मुटका ठेवला. पांढऱ्या भाताशेजारी तो मळका दिसत होता.

तुमच्या मोठ्या दिरांनी पाहिलं. "हे काय वो? कोंबाच्या धानाचा दिसते हा भात. मेलेल्या माणसाले खराब धान वाढते काय कोणी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. फॅक्टरीची तुमची कॉलनी, तिथली माणसं, कोणाची ओळख नाही. मी हात मागे घेतला. तुमच्या भावाचं तोंड शरमेनं लाल झालं. त्यानं हळू विचारलं, "बाईले आवडे काय हा?"

पदराचं टोक हातात आलं होतं. मी ते सोडलं.

"बाईले नाई," मी म्हटलं. "मले आवडते. बाईनं विचारलं होतं, म्हणून ठेवला."

माझा आवाज माझ्याच कानाला ओळखू आला नाही. तुमचे दीर बाजूला सरले. मंदा माझ्याकडे पाहत होती, अगदी तुमच्यासारखी. मग तिनं डब्यातला चिमूटभर भात उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून थांबली. काय लागलं ते तिनं सांगितलं नाही, पण मुटका पानावरच राहू दिला. पान अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलं. कावळा कशाला शिवला ते सांगत नाही. जे माझं होतं ते मी ठेवलं.

गाडीत तुमचा भाऊ खिडकीशी बसला होता. चंद्रपूर मागे पडलं. मग म्हणाला, "कवापासून?"

मी सांगितलं, त्या वादळाच्या सालापासून. तो म्हणाला, "मी बांधीत रडत होतो, अन तू मागं उभी राहून गोड खात होती." मी म्हटलं, हो. मला वाटलं आता तो रागावेल. त्यानं बाहेरच्या बांध्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, तेव्हा कोणाले तरी त्यातलं काई गोड लागलं, तर बरंच झालं म्हणाव.  फाट्यावर उतरल्यावर डबा त्यानं धरला.

आज सकाळी मी त्या दोन बांध्यांचा तांदूळ काढला. धुतला, चुलीवर ठेवला. भात शिजल्यावर गंज उतरवतात, तसा उतरवला नाही. गंजाखाली निखारे ओढून घेतले आणि वाट पाहिली. तुमच्या भावानं ओसरीवरून विचारलं, करपून राह्यलं काय काई? मी म्हटलं, करपून नाई राह्यलं, लावून राह्यली.

तांबूस लागली, बाई. कडेकडेनं सुटली. वरचा भात सारून आधी माझ्यासाठी तीच काढली, मग बाकीच्यांना वाढलं. ही उरलेली नव्हे. ही मी लावलेली आहे.